देवीच्या साथीतली खोप

आक्का गेल्याचा निरोप तेरहून आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. महिना होत आला, जीव अजून थाऱ्यावर नाही. त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि आयुष्यभर मी ‘उद्या’ म्हणत राहिले. मेलं ते उद्या!

आक्का माझ्या थोरल्या नणंदबाई. नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन माहेरी आल्या होत्या. निजामाचं राज्य होतं. गावात देवी आल्या आणि टोचणारा काही तालुक्याहून पोचेना. पंचांनी ठरवलं, न टोचलेली सगळी लेकरं मळ्यातल्या एका खोपीत ठेवायची, देवी येऊन गेलेल्या दोन म्हाताऱ्या सोबतीला, बाकी कुणी फिरकायचं नाही. आक्कांनी भर चावडीत चिंचोक्यांचा ढीग मांडला नि त्यावर एक सोललेला, पांढरा टाकला. “आत एकदा शिरली की समद्यांना गाठंल. चार-चार लेकरं येगळी ठिवा, आयांसंगट ठिवा.” पंच हसले. “आता देवीबी आक्काला इचारून हिंडंल व्हय?”

माझा दत्ता खोपीत गेला, आक्कांचा माधवही. घरी सासरे देवीनं फणफणलेले. मला लहानपणीच येऊन गेलेल्या, म्हणून त्यांचं सगळं मीच करत होते. सहाव्या दिवशी पान्हा आवरेना… सासऱ्यांचं अंग पुसलेल्या तशाच लुगड्यानं मळा गाठला. म्हातारी म्हणाली, “ये गं, कोण बघतंय!” दत्ताला पाजलं. शेजारी माधव रडत होता, त्यालाही पदराखाली घेतलं.

पुढं खोपभर देवी उठल्या. दत्ता वाचला. माधव गेला. चावडीत विचारणा झाली, आत कोण गेलं होतं? मी मान खाली घालून उभी राहिले. आक्का तेवढं बोलल्या, “पोरं आत कोंडली, आया भाईर. त्या जाणारच की! त्यांना कुणी मोजलंच न्हाय.” माझ्याकडं बघून बोलल्या का? रात्रंदिवस हाच किडा डोक्यात.

परवा तेरला त्यांच्या लेकीकडं गेले. म्हटलं, हिला तरी सांगून मोकळं व्हावं. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “मामी, आईला म्हातारीनं तवाच सांगितलं हुतं. आई लई येळा म्हणायची, माझा माधव उपाशी न्हाय गेला, कमळीनं पोटभर पाजलं त्याला.”

आक्का, अहो, एकदा तरी भांडायचं होतंत माझ्याशी!