माझ्या उड्यांचा भूकंप

लातूरला एकदा भूकंप माझ्यामुळं झाला. सरकारी यंत्रावर त्याची नोंद नाही, पण आमच्या गल्लीत कुणालाही विचारा!

माझा गणिताचा छोटा क्लास आहे. (लातुरात ज्याला दुसरं काही जमत नाही तो क्लास काढतो, आणि ज्याला तेही जमतं तो मोठा क्लास काढतो.) आमचा ओम तेव्हा पाचवीत होता. त्याला मी सातवीच्या पोरांबरोबर फाउंडेशनला, म्हणजे डॉक्टर-इंजिनिअरच्या आगाऊ तयारीला, बसवलं होतं. पोरगं नखं कुरतडायचं, जेवता जेवता पाढे पुटपुटायचं. मी खूश! माझी बायको सुनंदा मात्र काळजीत.

अशात त्याच्या शाळेनं 'खेळा-बोला' नावाचा तास सुरू केला. आधी मैदानावर मनसोक्त पळायचं, मग गोल करून बसायचं आणि मनातलं बोलायचं.

"पाचवीच्या पोराच्या मनात काय असतंय?" मी म्हणालो. "आणि 'नीट'ला पळायचे मार्क असतात का?"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "भूकंप झाला तेव्हा मीपण पाचवीतच होते. घर गेलं. शेजारची मैत्रीण गेली. पत्र्याच्या शेडात आम्ही पोरं नुसती बसून राहायचो. एक मास्तर यायचे. काही न विचारता खेळायला न्यायचे. लई दिवसांनी, खेळता खेळताच, मी बोलायला लागले. तुम्हाला न्हाई कळायचं."

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, "पण दहावीला किती पडले मग?"

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरातला 'बोला' तास बंद होता.

मग शाळेतून गृहपाठ आला : आई-वडिलांनी मुलासोबत दोरीवरच्या उड्या मारायच्या. सुनंदानं दोरी माझ्या हातात ठेवली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली घरमालक बिरादारमामांनी पोरांचं होस्टेल काढलंय. इमारत इतकी मजबूत, की खिळा मारायचा तर मामा आधी स्वतः बाहेर जाऊन उभे राहतात!

ओम फुलासारखा उडत होता. मी उडालो ते ठीक होतं. खाली आलो तिथं घोटाळा झाला. फळीवरची भांडी खणखणली.

"बाबा, अजून उंच!" ओम टाळ्या पिटत ओरडला. कितीतरी दिवसांनी तो असा हसत होता. मला चेव आला. मी अंग झोकून उडी मारली. खालच्या खोलीत एका पोराच्या भौतिकशास्त्रावर छताचा गिलावा पडला. आणि मामांची आरोळी आली,

"भूकंप! पळा रे पळा!"

पुढं जे झालं ते सांगायला नको वाटतं, पण गल्लीनं पाहिलंच आहे. ज्या माणसानं तो भूकंप घडवला, तोच सगळ्यांच्या आधी रस्त्यावर होता! तिन्ही जिने मी कसे उतरलो, आठवत नाही. गळ्यात दोरी तशीच. मागून होस्टेलची पोरं, मामा, मामी, समोरच्या गल्लीतले लोक.

"ओम कुठाय?" मामींनी विचारलं.

मी गळ्यातली दोरी चाचपली. ओम वर होता.

सगळ्यात शेवटी सुनंदा आली. ओमला छातीशी घट्ट धरलेलं, चेहरा पांढराफटक. ती रस्त्यातच खाली बसली. मी जवळ गेलो तर तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

ओम मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आवो, भूकंप न्हाई! आमचे बाबा उड्या मारत होते!"

गल्ली हसली. मामा हसले नाहीत. "सर, उद्यापासून तुमच्या घरात उडी बंद. न्हाईतर खोली खाली करा," ते म्हणाले.

पण होस्टेलची पोरं वर जाईनात. दोन वर्षं एका छताखाली राहणारी ती पोरं पहिल्यांदाच एकमेकांना गावं विचारत होती. कुणी शिरूर अनंतपाळचा, कुणी उमरीचा. एकानं दुसऱ्याला टपली मारली, आणि बघता बघता रस्त्यावर शिवाशिवी सुरू झाली. मामांनी "अभ्यास! अभ्यास!" करत सगळ्यांना आत कोंडेपर्यंत चालली.

इथं मी सुधारलो असेन असं तुम्हाला वाटेल. पण पुढच्याच पालकसभेत तक्रार आली, 'खेळा-बोला'मुळं पोरं घरी लई बोलायला लागलीत, उलट विचारायला लागलीत! तास बंद करण्यासाठी हात वर झाले. त्यात माझा हात होता. सुनंदा उठून निघून गेली.

मोकळ्या झालेल्या तासाला शाळेनं फाउंडेशनचं गणित ठेवलं आणि शिकवायला मलाच बोलावलं. पहिल्याच दिवशी मी बजावलं, वर्गात मी बाबा नाही, सर; आणि तास बुडवला तर घरच्यांना बोलावीन. ओमनं हात वर केला.

"सर, पाणी पिऊन येऊ?"

गेला तो आलाच नाही. खिडकीतून पाहिलं, तर रिकाम्या मैदानात पठ्ठ्या एकटाच पळत होता. अंगावर आलेल्याला हूल द्यावी तसा वळत होता, आणि मागं कुणीच नव्हतं.

त्याला धरून आणायला मी तरातरा निघालो. मैदानाच्या कडेलाच धाप लागली, मटकन खाली बसलो. ओम पळत आला, थोडा लांबच थांबला आणि अदबीनं म्हणाला,

"सर, तुमच्या घरच्यांना बोलावू का?"