पझलच्या तुकड्यांची टोपली

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गहू निवडताना खडे बाजूला टाकत जावेत आणि उठताना वाटी भरलेली दिसावी, तसं होतं. आमची वाटी भरली ती पझलच्या तुकड्यांमुळे.

धाड गावात कमलकाकूंच्या ओसरीवर दुपारी आम्ही तिघी बसतो. काकू, शिलाईवाली नंदा आणि मी, अंगणवाडीतून रिटायर झालेली बाई. तिघींचीही लेकरं बाहेरगावी, नंदाची धाकटी तेवढी घरी होती. नातवंडं दिवाळीत पझलचे डबे आणतात आणि चार दिवसांत निम्मं हरवून निघून जातात. नंतर झाडताना कपाटाखाली एखादा तुकडा सापडतो. फेकवत नाही. म्हणून त्यांचं काहीतरी करायचं ठरलं. टोपली ठेवली.

* * *

नंदानं पहिल्यांदा केलं गरम भांड्याखाली ठेवायचं आसन. हत्तीच्या पझलच्या तुकड्यांचे तीन थर, मधे भरपूर गोंद. त्यावर उकळतं वरण ठेवलं. वाढायला पातेलं उचललं तर आसन बुडाला चिकटून वर!

तिचे मिस्टर शांतपणे म्हणाले, "वरणाखाली हत्ती काऊन लटकून राह्यला?"

* * *

मी कानातले केले. दोन सारखे तुकडे, वर नेलपॉलिश. ऐटीत आठवडी बाजारात गेले. भाजीवालीनं मेथी देता देता माझ्याकडे निरखून पाहिलं.

"थांबा बाई, तुमच्या कानाले काहीतरी चिकटलं."

लेकीला फोटो पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला. हीच पोरगी पूर्वी मेथीच्या एका जुडीवर तासभर बोलायची. मला तिचं ते बोलणं फार आठवतं.

* * *

नंदाच्या धाकटीचं लग्न ठरलं. रुखवतात आम्ही तीन पझलांचं मिळून एक तोरण मांडलं, मधे मधे मणी. वऱ्हाडातल्या पोरांनी ते पाहिलं, दोरा तोडला आणि मांडवातच जुळवायला बसली. इकडे भटजी तयार, नवरी तयार, पण अंतरपाट धरायला नवरदेवाचे मामा सापडेनात. मामा पोरांच्या घोळक्यात उकिडवे!

"दोन मिनिटं थांबा हो, वाघाचा कान सापडून राह्यला."

पोरगी सासरी गेल्यावर नंदा आठ दिवस ओसरीवर आली नाही. नवव्या दिवशी आली, टोपलीतून सुई-दोरा काढला आणि तेच तोरण पुन्हा ओवायला बसली. 

* * *

राहिल्या कमलकाकू. त्यांचा मुलगा जर्मनीत, नातू ओजस आठ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं इथं ठेवलेलं आगगाडीचं पझल काकूंनी कधी टोपलीत येऊ दिलं नाही.

"अपुरं झालं की तुमचं. हे अख्खं हाय," म्हणायच्या. दर सोमवारी जुळवून बघायच्या, एकही तुकडा हरवलेला नाही ना. ओजस परत यावा एवढंच त्यांना हवं होतं. फोनवर मात्र "ये बाबा" असं म्हणायच्या नाहीत. त्याच्या आईबापाला रजा नसते, उगाच लेकराला कशाला अडचणीत टाकायचं, म्हणायच्या.

या उन्हाळ्यात तो आला. आठ दिवस. रोज दुपारी आजी-नातू जमिनीवर पालथे पडून गाडी जुळवायचे. आम्हाला ओसरी बंद!

निघायच्या सकाळी शेवटचं जुळवलं, तर एका डब्याच्या खिडकीत भोक.

काकू साळसूद चेहऱ्यानं म्हणाल्या, "हरवला वाटते. आता तुलेच येऊन शोधा लागन."

ओजसनं आजीकडे जरा वेळ पाहिलं. सगळे तुकडे स्वतः गोळा करून खोक्यात भरले, झाकण लावलं, खोकं आजीच्या हाती दिलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा काकू पझल मांडून बसल्या होत्या. कंबरेच्या पिशवीतून त्यांनी एक तुकडा काढला आणि खिडकीत बसवला. तरी इंजिनाच्या पुढं एक नवंच भोक उरलं. त्यांनी खोकं उलटं करून झटकलं. सतरंजी झटकली.

नंदानं टोपली पुढं केली. "काकू, आता तं हे आमचं."

काकूंनी खोकं पोटाशी धरलं.

"अवं, मी तं एकच लपवला होता."