चोरासाठी केलेलं कुलूप

कुलूपवाल्या ताईंच्या घोड्याचं नाव चोर. ते त्यांनीच ठेवलं होतं. औषधांचं दुकान आणि शिंप्याचं दुकान यांच्या मधे बोळाएवढी त्यांची जागा. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आणि काउंटरवर घोड्याचा फोटो. गिऱ्हाइकानं विचारायचा अवकाश, ताईंच्या हातातली कानस थांबलीच म्हणून समजा.

"हा आमचा चोर. मी कुलपं लावते, हा कड्या काढतो."

यात थापेचा अंशही नव्हता. घोडेस्वारीची एक शाळा बंद पडली, तेव्हा हा तपकिरी, एका कानाला खाच असलेला घोडा ताईंनी घेतला. घरी आणला नाही, कारण जिन्यातून चढला नसता. त्याला ठेवलं काकांच्या तबेल्यात. काका तसे ताईंचे कुणी नव्हेत. हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली ते लोकांचे घोडे सांभाळायचे, म्हणून सगळ्यांचे काका. तिथं चोरानं आपल्या ठाणाच्या दाराची कडी ओठांनी सरकवायची विद्या आत्मसात केली. संध्याकाळी ताईंची खटारा व्हॅन वळणावर आली, की तिचा आवाज ऐकून हा कडी काढणार, अंगण ओलांडणार आणि बंद फाटकावर मान टाकून वाट बघत उभा राहणार. येता येता शेजारच्या गाढवाचीही कडी काढून देणार. गाढव कधीच बाहेर यायचं नाही, पण चोराचा शिष्टाचार चुकायचा नाही.

"काका, एक झकास कुलूप बसवून देऊ का?" ताई अधूनमधून विचारायच्या.

"राहू दे गं. फाटक बंद असतं. जाऊन जाऊन जाणार कुठे?"

काकांकडे सगळं होतं, जागा तेवढी नव्हती. मागचं मैदान म्हणजे रुमालाएवढं, त्यात पाऊस झाला की घोट्यापर्यंत चिखल. फिरवायचं तर हमरस्त्याच्या कडेनं, ट्रकांचे भोंगे ऐकत. चोर चालायचा, फार तर दुडकायचा. जीव तोडून धावताना ताईंनी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना आतून खात असे.

म्हणूनच नदीपलीकडच्या टेकडीवरच्या मोठ्या तबेल्यात एक ठाण रिकामं झाल्याचं कळलं, तेव्हा ताईंचे पाय जमिनीवर ठरेनात. त्या बघून आल्या त्या पळतच घरात शिरल्या.

"धाकटे, अगं कुरण आहे! संपतच नाही! आणि रानातून मऊ मातीची वाट!"

"आधी चपला काढ," धाकटी बहीण म्हणाली. "आणि श्वास घे."

अट एकच होती. तिथल्या मॅनेजरबाईंनी चोराची कीर्ती ऐकलेली होती. "आमचं फाटक दिवसभर उघडं असतं, गाड्यांची ये-जा असते. घोडा ठाणाबाहेर आला तर मी ठेवून घेणार नाही. आठवडाभर ठेवून बघा, रविवारी काय ते सांगा."

"बाई, माझा धंदा काय आहे तो ठाऊक आहे ना तुम्हाला?" ताई म्हणाल्या, आणि त्यांना मनातल्या मनात उकळ्या फुटायला लागल्या.

त्यांनी दुकान अर्धं बंद ठेवलं आणि कुलूप करायला घेतलं. वडिलांकडून शिकलेलं आणि स्वतः शोधलेलं सगळं त्यात ओतलं. वरचा खटका अंगठ्यानं दाबून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं खालची मूठ फिरवायची, तर दांडा सरकणार. घोड्याला तोंड एकच, त्यामुळे प्रश्नच मिटला. खात्री करायला ताईंनी धाकटीला ते ओठांनी उघडून बघायला सांगितलं. धाकटीनं साफ नकार दिला, तेव्हा ताईंनी स्वतः प्रयत्न केला, आणि नाकाला वंगण लागलं. नाही उघडलं! त्या टाळ्या वाजवत दुकानभर नाचल्या. शिंपी डोकावून बघून गेला.

काकांना सांगताना मात्र जीभ जड झाली. काका झाडता झाडता थांबले. "पळेल का तिथं तो?"

"पळेल, काका."

"मग ने की," म्हणाले, आणि परत झाडायला लागले.

आणि चोर पळाला! पहिल्याच दिवशी कुरणावर सोडला, तर क्षणभर बावचळून उभा राहिला. मग एकदम शेपटी वर, मान पुढे, आणि जो सुटला! दुसऱ्या दिवशी ताईंनी मांड ठोकली आणि रानातल्या वाटेनं दौडत गेल्या. वारा कानात शिरला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई "हुर्रे!" म्हणून अशी ओरडली, की झाडावरचे पक्षी उडाले. इतकं सुख आपल्याला झेपेल की नाही, असं त्यांना खरोखरच वाटलं.

त्या संध्याकाळी व्हॅन आवारात वळली, तेव्हा दारावरून चोराची मान बाहेर आलेली दिसली. तो कुलपाशी झटत होता. ओठांनी चाचपलं, दातांनी ओढलं, खाली वाकून पाहिलं. ताई व्हॅनमध्येच श्वास रोखून बसल्या. कुलूप हललं नाही. "जिंकले!" त्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाल्या.

पुढच्या दिवशी त्यानं थोडंच करून पाहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी फक्त नाक लावलं. शुक्रवारी ताईंनी व्हॅन वळवली, मुद्दाम दोनदा हॉर्न दिला, तरी दारावर मान आलीच नाही. त्या धावत गेल्या. आजारी पडला की काय? तसं काही नव्हतं. चंदी खाल्लेली, अंग चकाकत होतं. चोर भिंतीकडे तोंड करून उभा होता. ताईंनी दार उघडलं, तर वळून त्यांच्याकडे पाहिलं, मुकाट्यानं खोगीर घालून घेतलं, आणि बाहेर काढल्यावर छान पळालाही.

पण ताईंना दिसलं ते वेगळंच. आपली गाडी वाजली की काहीतरी करता येतं, हे तो विसरत चालला होता. आणि ते विसरायला लावणारं यंत्र त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलं होतं, नाचत नाचत.

"पळतो तरी ना?" धाकटी म्हणाली. "तेच तर हवं होतं तुला."

"हवं होतं. अजूनही हवं आहे," ताई म्हणाल्या, आणि जेवताना रडल्या. शनिवारी त्यांनी मॅनेजरबाईंना फाटकाचं विचारून पाहिलं. ते बंद ठेवणं शक्य नव्हतं, आणि त्यात बाईंचं काही चुकत नव्हतं. ताई सबंध दुपार कुरणाच्या कुंपणाला टेकून चोराला पळताना बघत राहिल्या. पोट भरून बघून घेतलं.

रविवारी त्यांनी पेचकस काढला आणि आपल्या हातचं सर्वांत उत्तम कुलूप स्वतःच दारावरून उतरवलं.

संध्याकाळी त्या चोराला घेऊन काकांकडे परतल्या. काकांनी ठाण झाडून, नवं गवत पसरून ठेवलं होतं. ताईंनी सवयीनं कडीवर बोट फिरवलं, तर बोटाला ताजं तेल लागलं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, कडी जुनी होऊन सैल झाली आहे.

"तुम्ही तेल घालता, काका?"

"खायचंच घालतो हां," काका घाईघाईनं म्हणाले. "मशिनचं नाही. तोंड लावतो ना तो."

ताईंनी बोटावरचं तेल पुन्हा कडीलाच पुसलं.

चोराला आत सोडून त्यांनी कडी घातली. तो भिंतीकडे वळून उभा राहिला. अगदी तिथल्यासारखाच. ताई व्हॅनमध्ये बसल्या, हमरस्त्यावरून लांब चक्कर मारली आणि पुन्हा वळणावर आल्या. विसरला असेल तर? कुरण तर गेलंच, हेही गेलं असेल तर? त्यांनी व्हॅन फाटकाशी आणली. इंजिन खडखडत होतं. अंगणात कुणी नव्हतं. काका झाडू हातात धरून पुतळ्यासारखे उभे.

"ये ना रे," ताई पुटपुटल्या. "ये ना, चोरा."

काहीच झालं नाही. त्यांनी इंजिन बंद करायला किल्लीला हात घातला, आणि आतून कडी वाजली.

मग थोडं थांबून शेजारची, गाढवाचीही वाजली.