अप्पांची बरणी

यंत्राचं झाकण उघडताना शिवलिंगअप्पा श्वास रोखून धरायचे आणि आपल्यालाही धरायला लावायचे. "श्वासात पानी असतंय, म्याडम. मशीनला समदं दिसतंय." परभणीच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. कपाळावर भस्म लावून रोज गंगाखेडहून एसटीनं यायचे. आल्याआल्या पहिलं काम म्हणजे हवाबंद बरणीच्या तळाचे दाणे बघणं. ते हवेतलं पाणी पितात. निळे असले की बरणी कोरडी. गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायचे.

माझी पीएच.डी. रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थात मुरलेल्या पाण्यावर होती. रेझिनची पूड मिठासारख्या एका पांढऱ्या पुडीत मिसळायची, दाबून टिकली करायची, तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. पाणी जितकं जास्त, तितकी कागदावरची रेघ खोल उतरते. दोन्ही प्रकारची पूड अप्पांच्याच बरणीत असायची.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना अप्पा मोतीबिंदूसाठी दीड महिना रजेवर गेले. भर पावसाळा होता. मी एकटीनं ढीगभर टिकल्या केल्या. रेघ अशी काही खोल जात होती की रेझिन एवढं पाणी धरतं म्हणून मी हरखून गेले. शेवटचं प्रकरण लिहून झालं. मुदत तोंडावर आली होती.

अप्पा काळा चष्मा लावून परतले. माझे आलेख त्यांनी पाहिलेही नाहीत. बरणी उचलून उजेडाला धरली. दाणे सगळे गुलाबी होते. मला ते रोज दिसत होते, पण भाजणं हे अप्पांचं काम, म्हणून मी हातच लावला नव्हता.

"ह्ये पानी रेझिनचं न्हाई, हवेचं हाय. मशीन खरंच बोलायलीय. आपुनच तिला भलतं खाऊ घातलं."

"कुणाला कळणार आहे, अप्पा?" मी पार थकले होते.

"तुमाला कळलं की आता. पुन्ना करा."

मला त्यांचा मनस्वी राग आला. पण निवृत्त झाल्यावरही ते महिनाभर येत राहिले. दाणे भाजायचे आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसायचे. प्रबंध उशिरा गेला, खरा गेला. ऋणनिर्देशात मात्र मी त्यांना 'इतर कर्मचारी' यांच्यात बसवलं. त्याची लाज अजून वाटते.

गेल्या हिवाळ्यात अप्पा वारले. मी आता त्याच कॉलेजात शिकवते, बरणी माझ्याकडे आहे. परवा एक विद्यार्थिनी अशीच खोल रेघ घेऊन आली. दिवसभराच्या तासांनी मी आंबून गेले होते. सही करून मोकळी झाले असते. तरी बरणी उजेडाला धरली.

"पुन्हा कर," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी अप्पांकडे पाहिलं होतं. मी ओव्हन लावला आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.