दोघींचे गुडघे

शेवटच्या संध्याकाळी आम्ही शेवंतीचे गुडघे शेकले. रोजचंच काम. मी तव्यावर जाडं मीठ तापवायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं आणि गिरजानं ती पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची. चटका बसला की मला शिवी. घोडीचं झालं की तीच पुरचुंडी स्वतःच्या गुडघ्यावर. म्हणायची, "पह्यले तिचं, मंग माह्यं. तिले बोलता येत नाही, मले बोंबलता येते."

गिरजा माझी बायको. शेवंती आमची पांढरी घोडी. देऊळघाटातले आणि आजूबाजूचे कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेले. बँड वाजला की नाचायची. मग म्हातारी झाली. एका वरातीत पुढचा पाय उचलला, तो खाली टेकवता येईना. नवरदेवाला उतरवलं आणि तिला हळूहळू घरी आणलं.

बैलाचा पाय दुखला की आपण बैल बांधून ठेवतो. मी तेच केलं. गोठ्यात नवा कोबा केला होता, त्यावर शेवंतीला बांधलं, दाण्याची चंदी वाढवली, म्हटलं कर आता आराम. हिवाळा सरेपर्यंत तिला पाऊल उचलणं जड झालं.

बुलढाण्याहून जनावरांचा डॉक्टर आणला. त्यानं गुडघे चाचपले. म्हणाला, "वयाचा संधिवात आहे, जाणार नाही. पण बांधून ठेवू नका. रोज सकाळी मऊ जमिनीवर हळूहळू चालवा. कठीण जागेवर उभं करू नका, वजन वाढू देऊ नका." फार दुखलं तर द्यायला पुड्या दिल्या.

गिरजा उंबऱ्यावर स्वतःचे गुडघे चोळत बसली होती. "डाक्टर साहेब, हे घोडीचं सांगून राह्यले का माह्यं?"

"दोघींचं समजा, आजी."

तिनं ते खरंच समजलं. दुसऱ्या दिवशी वावरातून आलो तर बाई सब्बल घेऊन कोबा फोडत होती.

"अवं, मी आत्ता तं केला हा!"

"मंग निजा याच्यावर रातभर, सकाळी बोलू."

मला तिथं नाल्याची वाळू टाकायला लावली, वर कुटाराचा भुसा अंथरला.

तेव्हापासून रोज सकाळी त्या दोघी वावरात जायच्या. गिरजा पुढे, खांद्यावर दोर सैल टाकलेला. ओढायची नाही, मागे वळून पाहायची नाही. निघताना दोघी लंगडत. बांधावरच्या आंब्यापर्यंत शेवंतीचा पाय मोकळा व्हायचा, गिरजाचा परत येताना. "माहे उशिरा सुटतात," म्हणायची, "तिले चार पाय हायेत ना." घोडी मध्येच थांबली की, "चाल वं बाई, बसली का बसलीच." जेवून मी आडवा झालो की मलाही तेच. "उठा, बसले का बसलेच."

एक वरबाप आला. म्हणे, चालवत नाही, नाचवत नाही, नुसती मांडवापुढे उभी राहू द्या. गिरजा म्हणाली, "उभं राहाचंच तं दुखणं हाये बाप्पा तिले." माझा धाकटा भाऊ सदाशिव म्हणाला, "वहिनी, विकून टाका. कामाची नाही राह्यली."

"भाऊजी, मी तरी कोन्या कामाची राह्यली? मले कवा नेता बाजारात?"



त्या शेवटच्या शेकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा चहा करायला उठली आणि चुलीपुढे बसली. बसली ती बसलीच.

माणसं जमली, तिला नेलं, जाळलं. दिवसभर शेवंतीकडे कोणी गेलं नाही. मीही नाही.

पुढच्या सकाळी गोठ्यात गेलो. घोडी खुंट्याशी तशीच उभी, एक पाय अधांतरी, बादलीतलं पाणी तसंच. मी दोर सोडला तर सदाशिव आडवा आला.

"दादा, सुतकात वावरात जाऊन राह्यला? लोक काय म्हनतीन? दहावं तं होऊ दे."

"दहाव्यापर्यंत हे उभी राहीन काय बे?"

तो बाजूला झाला.

दोर ओढला, शेवंती हलेना. ती घराच्या दाराकडे पाहत होती. मग मी दोर खांद्यावर सैल टाकला, तिच्याकडे पाठ केली आणि पुढे निघालो. माझे गुडघे धड आहेत, मी भराभर चाललो. मागे काही वाजेना. थांबलो. मग गिरजा टाकायची तसं आखूड पाऊल टाकलं, डावा पाय थोडा ओढत. पुन्हा एक टाकलं.

मागे खूर वाजला.

आंब्याजवळ शेवंतीचा पाय मोकळा झाला. मी मात्र घरापर्यंत तसाच लंगडत आलो.