दस्त्यात अडकलेली रायफल

सैन्यातून निवृत्त झाल्यावर माझे सासरे माण तालुक्यातल्या गावी शेरडं राखायचे आणि अधूनमधून आमच्याकडे विश्रामबागला राहायला यायचे. त्यांच्या परवान्याच्या रायफलीवर त्यांनीच मला नेमबाजी शिकवली. नेमबाजीच्या क्लबात बाई मी एकटीच. एका हिवाळ्यात माझ्या गोळ्या विखरायला लागल्या.

"तुजा हात न्हाई हलत, बंदूकच हलतीया," मामंजी म्हणाले.

रायफलीचा लाकडी दस्ता, खांद्याला टेकवायचा भाग, वाळला होता. नळीमागचा पोलादी भाग त्याच्या खाचेत सैल झाला होता, आणि दर गोळीला तो जागा सोडत होता. मामंजींनी खाचेत घट्ट होणारं लुकण भरलं, पोलादाला मेण फासलं आणि ते आत दाबून बसवलं. लुकण वाळलं की पोलाद उचलायचं, मागे त्याच्या मापाचं घर तयार.

दुसऱ्या दिवशी पोलाद उचलेना. मेण कुठंतरी लागायचं राहिलं होतं.

मामंजींनी लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं, मग जोरात ठोकलं. शेवटी मी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली. न्हाणीत आम्ही रायफल बर्फात पुरली. गारठ्यानं पोलाद आक्रसेल, एवढीच आशा. बऱ्याच वेळानं आतून 'कट्ट' असा आवाज आला.

पोलाद सुटलं होतं. घर सुरेख उमटलं होतं. पण पोलादावर केसाएवढी रेघ दिसत होती.

मामंजींनी तिच्यावरून नख फिरवलं. "चरा हाय का तडा, कळंना."

"तडा असला तर?"

त्यांनी नख मागे घेतलं. असाच तडा गेलेली बंदूक फुटून एका जवानाचा डोळा गेलेला त्यांनी पाहिला होता. ते मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

मैदानावर त्यांनी रायफल वाळूच्या पोत्यांना बांधली, खटक्याला लांब दोरी लावली.

"आवं मामंजी, भिंतीमागं या!" मी मैदानाच्या आडभिंतीमागून ओरडले. त्यांनी भिंतीमागून दोरी ओढली. बार झाला. मी डोळे उघडले तेव्हा रायफल तशीच होती. त्यांनी पुन्हा पुन्हा बार काढले आणि दर वेळी ती रेघ भिंगाखाली धरली. ती वाढली नाही.

"चराच हाय. पड आता खाली."

मी पालथी पडले. दस्त्याला गाल लावायचा तर मान वळेना. तोंडाला कोरड पडली होती. उजवा डोळा मिटावासा वाटत होता, आणि नेम तर त्यानंच धरायचा होता. पहिल्यांदा खटका दाबला तेव्हा श्वास घ्यायचंही विसरले.

माझ्या सगळ्या गोळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ लागल्या होत्या. मी उठले, कडेला गेले आणि ओकले.

परत आले तर मामंजी पोत्यावर बसले होते.

"पानी दे गं," ते म्हणाले. "मीबी लय भ्यालो हुतो."