‘अक्नॉलेज’ म्हणजे नुसती पोच नव्हे

इंग्रजी भाषेला आपल्या ओसरीवर बोलावून, समोर उभी करून जाब विचारणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. मी नगरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्यामुळे तो जाब बहुतेक वेळा इंग्रजीच्या वतीने मलाच द्यावा लागला.

मामा नववी नापास. पारनेर तालुक्यातल्या एका माळरानावरच्या गावातून उठून ते भिंगारला आले आणि लष्कराच्या एका कोठारात नोकरीला लागले. तिथले सगळे कागद इंग्रजीत. साहेब म्हणायचा, “वाचत बसू नकोस, सही कर.” या एका वाक्याचा त्यांनी जो राग धरला तो निवृत्तीनंतरही सोडला नाही. सही करायची तर वाचून आणि वाचायचं तर समजून, असा पण करून त्यांनी जुन्या बाजारातून एक पाठ फाटलेली डिक्शनरी आणली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धं पान या गतीने ती खायला घेतली. ‘के’पर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग ‘नो’ हा शब्द आला, म्हणजे जाणणे या अर्थाचा, आणि मामा तिथे जे थांबले ते थांबलेच. “लिवायला के, बोलायला न्हाई,” ते म्हणायचे. “ज्या शब्दाचं पयलंच अक्षर लपून बसलंय, त्यो सरळ कसा आसंल?”

मुलगी बघायला गेल्यावर प्रश्न मुलीला विचारतात अशी माझी समजूत होती. मामांनी पोह्यांची बशी माझ्या हातात येण्याआधीच मला धरलं. “इंग्रजी शिकवता म्हनं? मंग सांगा. मी तुमाला वळखतो. मला पवायला येतं. मला नगर ठाऊक हाय. मला दुसऱ्याचं दुःख कळतं. हे वळखनं, येनं, ठाऊक आसनं, कळनं, चारीला इंग्रजीत काय?” मी म्हणालो, “नो.” “चारीला एकच?” “एकच.” मामांनी सगळ्या पाहुण्यांवरून विजयी नजर फिरवली. “मंग गरीब कोन, आपन का त्ये?” आतून मामींचा आवाज आला, “ह्यांना चार शब्द ठाऊक हायती, पन पिठाचा डबा कुठं आसतो त्ये एकाबी शब्दात ठाऊक न्हाई.” माझं लग्न ठरलं ते बहुधा मामींनी विषय बदलल्यामुळेच.

पुढे कोठारातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं की जुन्या इंग्रजी बायबलात नवऱ्याने बायकोला ‘नो’ केलं की पुढच्याच ओळीत पाळणा हलतो. मामा हादरले. आमच्या लग्नात माझा एक मित्र, जो योगायोगाने बायकोच्या वर्गात होता, मोठ्या कौतुकाने म्हणाला, “आय नो हर व्हेरी वेल.” मामांनी त्याची कॉलर धरायचीच बाकी ठेवली होती. शेवटी त्याच्याकडून ‘वुई आर अक्वेंटेड’, म्हणजे आमची नुसती तोंडओळख आहे, असं दोनदा वदवून घेतलं आणि मगच त्याला पंगतीत बसू दिलं.

पेन्शनच्या एका फॉर्मवर ‘माझ्या सर्वोत्तम नॉलेजनुसार वरील मजकूर खरा आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली होती. मामांनी तिच्यापुढे पेनाने, वळणदार इंग्रजीत, ‘आणि ते नॉलेज फारसं नाही’ अशी भर घातली. फॉर्म परत आला. मामांनी दुसऱ्या फॉर्मवर तेच लिहिलं. तोही परत आला. “खोटं कसं लिवू?” ते मला म्हणाले. निवृत्तीनंतर मामा आपल्या गावी परतले. तिथे मुलांनी स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका काढली, तिच्या भिंतीवर ‘जनरल नॉलेज’ असं रंगवलेलं पाहून मामा रंगाचा डबा घेऊनच आत शिरले. देशांच्या राजधान्या पाठ करणं ही इन्फर्मेशन. पाऊस येणार हे मोबाईलवर वाचणं हीसुद्धा इन्फर्मेशन. पण मामींचा गुडघा आदल्या दिवशी ठणकतो ते नॉलेज, आणि तो ठणकायला लागल्यावर वाळवण आत घेणं ही विज्डम. मुलांनी हे सगळं ऐकून घेतलं, कारण रंगाचा डबा मामांच्या हातात होता.

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, आणि पुढचं सांगताना ते हसणं मला टोचतं.

दोन वर्षांपूर्वी गावच्या माळावर सौर ऊर्जेच्या एका कंपनीने जमीन घेतली आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. मळ्यातल्या वस्तीपासून शाळेपर्यंत आणि डांबरी रस्त्यापर्यंत जाणारी जुनी गाडीवाट त्या कुंपणात गेली. वस्तीवरच्या पोरांना चार किलोमीटरचा वळसा पडू लागला. एका बाळंतिणीला तर बाजेवर घालून नाल्यातून न्यावं लागलं. गावाने तक्रार केली. कंपनीचा एक तरुण अधिकारी गोड हसत ग्रामपंचायतीत आला आणि त्याने तीन पानी इंग्रजी कागद सरपंचांपुढे ठेवला. तक्रारीची दखल घेतली आहे, हे त्याचं उत्तर, आणि शेवटी गावकऱ्यांच्या सह्या फक्त पोच म्हणून, असं तो म्हणाला. सरपंच शहाणे. त्यांनी शेवटच्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. मी तासाला निघालो होतो. वर ‘अक्नॉलेजमेंट’ हे शीर्षक दिसलं. मी जिन्यावरूनच फोन केला, “पोच आहे, करून टाका सह्या.”

वीस-पंचवीस सह्या झाल्या आणि कागद मामांपुढे आला. मामांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. अधिकारी घड्याळ पाहू लागला. सरपंच म्हणाले, “मामा, निस्ती पोच हाय. जावईबापूंनी सांगितलंय, ते पोफेसर हायती.”

“जावईबापूंना इंग्रजीची माहिती हाय,” मामा म्हणाले. “ह्यो कागद त्यांनी वाचला का?”

सरपंचांनी फोनमधला फोटो पुढे केला. त्यात फक्त शेवटचं पान होतं.

“अक्नॉलेज म्हंजी मिळाल्याचं कळवनं, ह्ये खरं. पन ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ हाय, कबूल करनं. हितं लिवलंय, आमी अक्नॉलेज करतो की ह्या जमिनीतून वहिवाटीचा रस्ता कधी नव्हता. आन् आमच्या फुल नॉलेजनं, म्हंजी आमाला सगळं ठाऊक आसताना, कुंपन झालं. ही पोच न्हाई बाबांनो, ही कबुली हाय.”

अधिकारी हसला. “काका, तुमचं शिक्षण किती?”

“नववी नापास.”

“मग हे कायदेशीर इंग्रजी—”

“नापास झालो म्हनूनच दोनदा वाचतो,” मामा म्हणाले, आणि त्यांनी तो कागद घडी घालून स्वतःखाली ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले. अधिकाऱ्याने विनवलं, आवाज चढवला, कंपनीत गावातली सात पोरं कामाला आहेत याची आठवण दिली. त्या सातांपैकी एकाचा बाप तिथेच होता. तो मामांच्या अंगावर धावून आला, “तुमच्या डिक्शनरीपायी माझ्या पोराची नोकरी जाईल!” मामांचा चेहरा पडला, पण ते उठले नाहीत. “तुझ्या पोराची पोरगी उद्या शाळंला कुठनं जाईल, त्ये मला सांग. मंग उठतो.” तो मामांच्या शेजारी खाली बसला. मामांनी साधा कागद मागवला, त्यावर मराठीत लिहिलं, ‘पत्र मिळाले. त्यातील मजकूर मान्य नाही. आधीच्या सह्या न समजता झाल्या, त्या रद्द समजाव्यात.’ त्याखाली साऱ्या गावाने सह्या केल्या.

संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा मी तिन्ही पानं मागवून वाचली. मामांनी एक अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गावी गेलो, माफी मागायला तोंड उघडलं, तर मामांनी हातात चहा दिला आणि म्हणाले, “पारनेरला तहसीलदारांकडं दावा टाकायचाय. गाडी तुमची हाय.” एवढंच. तो विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही.

सुनावण्या आठ महिने चालल्या. कंपनीच्या वकिलाने मामांना विचारलं, “रस्ता वहिवाटीचा होता हे तुम्हाला कसं माहीत?” मामा ताठ उभे राहिले. “वडलांनी सांगितलं, ती झाली माहिती. आईला डोक्यावर पाटी घेऊन जाताना बघितलं, ती झाली वळख. आन् सातवीत आसताना त्या वाटंवर बाभळीचा काटा मोडला, त्यो आजूक टाचंत हाय. ह्ये नॉलेज. दाखवू का?” आणि चप्पल काढू लागले. तहसीलदार बाईंनी हसू दाबून ‘नको, नको’ म्हटलं. त्यांनी जागेवर पाहणी केली, जुना नकाशा मागवला. नकाशात वाट होती. कुंपण दोन्हीकडे मागे घ्यायचा हुकूम झाला. ती सात पोरंही कामावर राहिली.

त्यानंतरच्या दिवाळीत मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या मुलीने मामा-मामींना नाशिकला आपल्या घरी नेलं. चौथ्या मजल्यावर. मामा फोनवर सांगतात, लिफ्टमध्ये सगळे मान हलवतात, नाव कुणी विचारत नाही.

परवा काही कामाने गावी गेलो होतो. वाटेच्या तोंडाशी गाडी लावून थोडा पायी चाललो. दोन्ही बाजूंना तरवड फुलला होता. मामांना फोन केला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, तुमच्या वाटेवर उभा आहे. तेवढ्यात तीन-चार मुली सायकली दामटत, मोठमोठ्याने काहीतरी भांडत माझ्या अंगावरून गेल्या. मी फोन त्यांच्या दिशेने धरला. घंटीचा आवाज लांब गेला.

“कुनाच्या पोरी?” मामांनी हळूच विचारलं.

“नाही माहीत, मामा. थांबवून विचारू?”

“नगं,” मामा म्हणाले. “जाऊ द्या त्यांना.”